रक्तातलं पोटॅशियम ४.१, मग मेंदूत लाट कसली?

पत्र

डॉक्टर, माझं वय ४१. डोंबिवलीत राहते, ठाण्यात एका खासगी कंपनीत हिशेब बघते. गेली तीन वर्षं महिन्या-दोन महिन्यांतून एकदा डोळ्यांपुढे चमचमायला लागतं. आधी बारीक ठिपका, मग त्याची नागमोडी रेघ होते आणि ती हळूहळू बाहेर सरकते. रेघेच्या आतल्या बाजूला काहीच दिसत नाही. परवा ८,४५० आकड्यातला ४ गायब झाला, ८ आणि ५० तेवढे दिसत होते. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं स्वच्छ होतं आणि मग डावी बाजू ठणकायला लागते. संकष्टीच्या दिवशी तर हमखास. मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय केला, नॉर्मल आला. ते म्हणाले, ‘ही ऑरावाली अर्धशिशी आहे. मेंदूत पोटॅशियमची लाट येते, ग्लिया पेशींना ती आवरत नाही.’ पुढचा पेशंट आत येत होता, म्हणून मला जास्त विचारता आलं नाही.

घरी येऊन रक्त तपासलं. पोटॅशियम ४.१, म्हणजे नॉर्मल. मग लाट कसली? नणंद म्हणते रोज केळं आणि शहाळं घे. व्हॉट्सअॅपवर आलं होतं की मेंदूत पोटॅशियम वाढतं तेव्हा केळं बंद करा. मुलगा बारावीला आहे. त्याच्या गाइडमध्ये ग्लियावर दीडच ओळ आहे, ‘आधार देणाऱ्या पेशी’. माझ्या या पेशी बिघडल्यात का? यजमानांना वाटतं, हे सगळं मनाचे खेळ आहेत.

– म. क.

ता. क. सासऱ्यांना बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे, क्रिएटिनिन २.१ आहे. नणंदेच्या सांगण्यावरून दोन महिन्यांपूर्वी घरात सगळ्यांसाठी लो-सोडियम मीठ आणलं. शहाळीही त्यांच्यासाठी रोज येतातच, त्यातलंच मी घेऊ का?

उत्तर

प्रिय म. क.,

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांना थोडं थांबवते आणि ता. क. पासून सुरू करते. पोटॅशियमची काळजी करायलाच हवी असं तुमच्या घरात एकच माणूस आहे, आणि ते तुमचे सासरे.

लो-सोडियम मिठात साध्या मिठाचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंडं धडधाकट असतील तर हे मीठ रक्तदाबाला चांगलंच. पण जास्तीचं पोटॅशियम शरीराबाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं, आणि २.१ क्रिएटिनिन म्हणजे ती थकलेली आहेत. त्यात टेल्मिसार्टन हे औषधच असं आहे की ते मूत्रपिंडांना पोटॅशियम धरून ठेवायला लावतं. त्यावर हे मीठ, त्यावर रोजचं शहाळं. चारही गोष्टी एकाच दिशेने ढकलतात. रक्तातलं पोटॅशियम फार चढलं की हृदयाचा ठोका बिघडतो, आणि बऱ्याचदा तोवर काहीच जाणवत नाही. म्हणून हे मीठ आणि शहाळी त्यांच्यासाठी आजपासून बंद. टेल्मिसार्टन मात्र मनाने बंद करू नका. उद्या त्यांच्या डॉक्टरांना फोन करा, मिठाचं स्पष्ट सांगा आणि पोटॅशियम-क्रिएटिनिन तपासून घ्या. मधेच हातापायांतलं बळ गेलं, छातीत धडधडलं, चक्कर आली, तर फोन करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

एवढं झालं की चहा घ्या आणि पुढचं वाचा. आता गोष्ट तुमची आहे आणि घाईची नाही.

तुम्ही हिशेब बघता, म्हणून हिशेबाच्याच भाषेत सांगते. रक्ताचा रिपोर्ट ही एका वहीची एक ओळ आहे. शरीरातलं जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तात दिसतं ते उरलेल्या चिमूटभरातलं, लिटरमागे साडेतीन ते पाच मिलिमोल. मेंदूची वही तर वेगळीच. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट विणलेल्या असतात की रक्तातलं पोटॅशियम सहजासहजी पलीकडे झिरपत नाही. चेतापेशींच्या भोवती जे पाणी असतं त्यात पोटॅशियम साधारण ३ मिलिमोल. तुम्ही केळं खा, उपास करा, ते ३ च्या आसपासच राहतं. आणि त्याच चेतापेशीच्या आत? सुमारे १४०. पातळ पडद्याच्या एका बाजूला ३ आणि दुसऱ्या बाजूला १४०. मेंदूची सगळी वीज या तफावतीवर उभी आहे.

तुमच्या डॉक्टरांनी ज्या लाटेचं नाव घेतलं, तिच्यात बाहेरून काहीच येत नाही. आतल्या खात्यातलं बाहेरच्या खात्यात जातं. दोन्हींची बेरीज तीच. म्हणून रक्त तपासून लाट सापडत नाही, जशी जमा-नावेची चूक बँकेचा शिल्लक आकडा बघून सापडत नाही.

आता हे पोटॅशियम बाहेर पडतंच कशाला? चेतापेशीने निरोप पाठवला की दर वेळी थोडं सोडियम आत शिरतं आणि थोडं पोटॅशियम बाहेर येतं. ‘थोडं’ म्हणजे खरंच थोडं. पण पेशींमधल्या फटी इतक्या अरुंद आहेत की त्या थोड्यानेही पातळी हलते. सकाळी साडेआठला डोंबिवलीचा जिना आठवा. एका गाडीतून उतरणारी माणसं ठाणे जिल्ह्याच्या लोकसंख्येपुढे किती? पण जिना सहा फुटांचा असेल तर तीच गर्दी. मेंदूचा जोरात वापर होत असताना बाहेरचं पोटॅशियम ३ वरून चढू लागतं. जनावरांवरच्या प्रयोगांत चेतापेशींना कितीही छेडलं तरी ते साधारण १० ते १२ च्या वर जात नाही, तिथेच अडतं. या आकड्याला ‘छत’ म्हणतात.

छत कोण धरून ठेवतं, हा तुमचा खरा प्रश्न. तेच काम ग्लिया पेशींचं, त्यातही अॅस्ट्रोसाइट नावाच्या, अनेक फांद्या फुटलेल्या चांदणीसारख्या पेशींचं.

तुमच्या मुलाच्या गाइडची दीड ओळ फार जुनी आहे. जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्शो यांनी १८५६ मध्ये या पेशींच्या जाळ्याला जे नाव दिलं, त्याचा अर्थच ‘चेतांना चिकटवणारा डिंक’. ग्लिया हा शब्द डिंकाचाच. नाव चिकटलं ते चिकटलं. मी स्वतः शरीरक्रियाशास्त्र शिकवायला उभी राहिले तेव्हा पहिली काही वर्षं ग्लियावर एक तास घ्यायचे, चेतापेशींवर वीस. मुलांनीही कधी तक्रार केली नाही. परीक्षेत येत नव्हतं ना! मेंदूत एका चेतापेशीमागे दहा ग्लिया असतात, असंही मी बेधडक सांगत आले. नंतर नीट मोजलं तर ते जवळजवळ एकास एक निघालं.

१९६६ साली हार्वर्डमध्ये स्टीफन कफलर, जॉन निकोल्स आणि रिचर्ड ऑर्कंड यांनी एक प्रयोग केला, तो मला अजूनही शिकवायला आवडेल. प्राणी होता मडपपी, पाण्यात राहणारा, बाहेर लोंबणाऱ्या कल्ल्यांचा एक सॅलॅमँडर. दिसायला अगदीच गबाळा, पण त्याच्या डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या चेतेतल्या ग्लिया पेशी चांगल्या मोठ्या असतात. एवढ्या मोठ्या की केसाहून कितीतरी बारीक टोकाची काचेची नळी आत खुपसून त्यांचा विद्युतदाब मोजता येतो. त्यांनी चेतेच्या तंतूंना विजेचे झटके दिले. तंतू कडकडले, यात नवल नव्हतं. नवल हे की शेजारच्या ग्लियाचा दाबही हलला. सावकाश, सुस्तपणे, आणि झटके जितके दाट तितका जास्त. ग्लिया स्वतः निरोप पाठवत नाही, तंतूंशी तिची विजेची जोडणीही नाही. मग ती हलली कशाने? बाहेर साचलेल्या पोटॅशियमने. ग्लियाचा पडदा जवळजवळ फक्त पोटॅशियमलाच ओळखतो, त्यामुळे बाहेर त्याचं प्रमाण किती वाढलं हे ती काट्यावर दाखवावं तसं दाखवते. आणि नुसतं दाखवून थांबत नाही. वाढलेलं पोटॅशियम एका टोकाला आत घेते आणि दुसऱ्या टोकाला, जिथे कमी आहे तिथे, बाहेर सोडते, असं या तिघांनी मांडलं.

इथे लोकलचाच दाखला पुन्हा देते, कारण याहून चांगला मला सापडलेला नाही. खचाखच भरलेल्या डब्यात या दाराने एकजण रेटून आत घुसला की पलीकडच्या दारातून एकजण बाहेर फेकला जातो. घुसलेला तो आणि पडलेला तो एकच माणूस नव्हे. धक्का तेवढा पोचतो. ग्लियातही तसंच. इथे शिरलेला पोटॅशियमचा कण तिकडे प्रवास करत जात नाही. विद्युतदाबाचा धक्का जातो आणि तिकडचा दुसरा कण बाहेर पडतो. शिवाय हे डबे एकमेकांना जोडलेले आहेत. शेजारच्या अॅस्ट्रोसाइट एकमेकींना अतिशय बारीक नळ्यांनी जोडलेल्या असतात, त्यामुळे एकीवर आलेला भार अनेकींत वाटला जातो. डोळ्याच्या आतल्या पडद्यात म्युलर नावाच्या ग्लिया पेशी हेच काम उभ्या नळासारखं करतात आणि जादा पोटॅशियम डोळ्यातल्या काचद्रवात सोडून देतात.

आत घेण्याचं दार म्हणजे पडद्यातलं एक प्रथिन, केआयआर ४.१. आणि दुसरं यंत्र म्हणजे पंप. एका फेरीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, आणि प्रत्येक फेरीला पेशीच्या इंधनाचा एक रेणू खर्च. हा पंप येन्स स्को या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये ओळखला तो खेकड्याच्या पायातल्या चेतांमधून, आणि १९९७ मध्ये त्याला त्यासाठी नोबेल मिळालं. (खेकड्याचं कालवण करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी त्या पायाकडे अशा नजरेने बघितलं असेल, देव जाणे.) हा पंप चेतापेशींतही असतो आणि ग्लियातही, पण ग्लियातल्या पंपाची घडण थोडी वेगळी आहे. बाहेरचं पोटॅशियम नेहमीपेक्षा वाढलं की त्याला चेव येतो. दारातून घेतलेलं शेवटी चेतापेशीला परत मिळतं, कारण तिचं ते भांडवल आहे. ग्लियाकडे ते काही काळापुरतं ठेवीसारखं असतं.

एवढी व्यवस्था असूनही कधीकधी छत फुटतं.

छोट्या जागेत पोटॅशियम ठरावीक मर्यादेपलीकडे साचलं की ते शेजारच्या चेतापेशींनाच भडकवतं. ३ आणि १४० मधली तफावत कमी झाली की पेशी बिथरते, निरोप फेकत सुटते, आणि स्वतःचंही पोटॅशियम बाहेर ओतते. ते पुढच्या पेशींना भडकवतं. सोबत ग्लूटामेट नावाचं उत्तेजक रसायनही सांडतं. बाहेरचं पोटॅशियम ३० ते ६० वर, कधी त्याहूनही वर जातं. इतकं झालं की पेशीत तफावतच उरत नाही आणि ती गप्प होते. काही मिनिटं पूर्ण शांत. म्हणजे लाटेच्या कडेला भडका आणि लाटेच्या मागे सामसूम.

आता तुमचं पत्र परत वाचा. चमचमणारी नागमोडी रेघ, आणि तिच्या आतल्या बाजूला काही नाही. भडका आणि सामसूम. ८,४५० मधला ४ त्या सामसुमीत होता.

ही लाट पहिल्यांदा नोंदवली ब्राझीलच्या आरिस्तिदिस लेआओ यांनी, १९४४ मध्ये. तेही हार्वर्डमध्येच काम करत होते, सशाच्या मेंदूत अपस्माराचा अभ्यास करायला बसले होते. अपस्मार राहिला बाजूला, विजेच्या नोंदीतली हालचाल बंद पडत पडत पुढे सरकताना दिसली, मिनिटाला तीन-चार मिलिमीटर. त्याआधी तीन वर्षं, १९४१ मध्ये, कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्याच ऑराची, म्हणजे तुम्ही लिहिलंय तशा चमचमाटाची, चित्रं काढून मोजमाप केलं होतं. जे काही सरकतंय ते मेंदूच्या पृष्ठभागावर मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटरने सरकत असावं, असा त्याचा हिशेब. एकाने बाहेरून सशात मोजलं, एकाने आतून स्वतःत, आणि दोन्ही आकडे जुळले. २००१ मध्ये एमआरआय यंत्रात एका माणसाचा ऑरा चालू असताना टिपला गेला. त्या गृहस्थाला बास्केटबॉल खेळलं की ऑरा यायचा, म्हणून त्याला खेळवून यंत्रात झोपवलं. वेग आला मिनिटाला साडेतीन मिलिमीटर.

मला पहिला ऑरा वर्गात आला. फळ्यावर पोटॅशियम बाहेर पडण्याचाच आलेख काढत होते, यावर कुणी विश्वास ठेवत नाही. खडूचं टोक दिसेना. फळा दिसतोय, हात दिसतोय, टोक नाही. मग त्या जागी पैठणीच्या काठासारखं काहीतरी लवलवायला लागलं, काळं-पांढरं, टोकदार. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ लिहिली, एवढं शहाणपण त्या क्षणी सुचलं. दहा वाजून बारा मिनिटं. सुरुवातीला ते बोटभर जागेतच रेंगाळलं, मग वेग घेत डाव्या कडेला गेलं आणि साडेदहाला नजरेबाहेर. तुमच्याही लक्षात आलं असेल, मधोमध ते मंद असतं आणि कडेला भरधाव. लाटेचा वेग खरं तर बदलत नाही. आपण जे नजरेच्या मध्याने बघतो, अक्षरं, आकडे, सुईचं भोक, त्यासाठी मेंदूने भरपूर जागा राखून ठेवली आहे आणि कडेच्या दृश्यासाठी कमी. तीच लाट मध्याच्या मोठ्या रानातून जाताना रेंगाळल्यासारखी दिसते.

यजमानांना हा परिच्छेद वाचायला द्या. मनाचा खेळ मिनिटाला तीन मिलिमीटर या ठरलेल्या चालीने चालत नाही.

लाट ओसरते ती पंपांमुळे. चेतापेशींचे आणि ग्लियाचे पंप जोर लावून सगळं पोटॅशियम परत जागेवर नेतात, आणि दृष्टी जशीच्या तशी परत येते. नुसती आशा म्हणून लिहीत नाही, तुमच्या बाबतीत तीन वर्षांत दर वेळी हेच घडलंय. लाटेने डोक्याच्या आवरणातले वेदनेचे तंतू चेतवले जातात आणि नंतरचं ठणकणं सुरू होतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

‘माझ्या ग्लिया बिघडल्यात का?’ तुमच्या पत्रात तसं सुचवणारं काही नाही. डॉक्टरांचं ‘आवरत नाही’ हे वाक्य त्या वीस मिनिटांपुरतं घ्या, तुमच्या पेशींचा तो कायमचा गुण समजू नका. पेशी जन्मतःच सदोष असल्या तर काय होतं, हे माहीत आहे आणि ते तुमच्यासारखं दिसत नाही. काही घराण्यांत अर्धशिशीच्या ऑरात अर्धं अंग लुळं पडतं. त्यातल्या एका प्रकारात दोष त्याच सोडियम-पोटॅशियम पंपाच्या जनुकात असतो, आणि मोठ्या माणसाच्या मेंदूत पंपाचा तो प्रकार मुख्यतः अॅस्ट्रोसाइटमध्येच सापडतो. इटलीतल्या कुटुंबांच्या अभ्यासातून हे २००३ मध्ये पुढे आलं. दुसरं उदाहरण केआयआर ४.१ या दाराचं. ते जन्मतः बिघडलेलं असेल तर लहानपणीच अपस्माराचे झटके येतात, तोल जातो, ऐकू कमी येतं, आणि मूत्रपिंडातून क्षार वाहून जातात, कारण तेच दार मेंदूत, कानात आणि मूत्रपिंडात तिन्हीकडे वापरलेलं आहे. २००९ मध्ये दोन गटांनी हा आजार एकाच सुमारास ओळखला आणि लक्षणांची आद्याक्षरं जुळवून दोन नावं ठेवली. एकाने ‘ईस्ट’, म्हणजे पूर्व. दुसऱ्याने ‘सेसमी’, म्हणजे तीळ! गंमत बाजूला ठेवली तर त्या मुलांच्या रक्तातलं पोटॅशियम कमी असतं आणि मेंदूतलं आवरत नाही, म्हणजे दोन्ही वह्या बिघडलेल्या. तुमची एकही बिघडलेली नाही.

आता केळं. एका मध्यम केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. खाल्ल्यावर इन्शुलिन त्यातलं बरंचसं स्नायू आणि यकृताच्या पेशींत ढकलतं, उरलेलं मूत्रपिंडं काढतात. मेंदूच्या भिंतीपर्यंत त्याचा गाजावाजा पोचतच नाही. तेव्हा नणंदेचं ‘रोज खा’ आणि व्हॉट्सअॅपचं ‘बंद करा’, दोन्ही सारखीच चूक. केळं आवडत असेल तर खा. शहाळंही तुम्ही खुशाल घ्या, फक्त सासऱ्यांसमोर बसून घेऊ नका, त्यांना वाईट वाटेल.

नणंदेशी वाद घालू नका, असंही सुचवेन. तिने मीठ आणलं ते चांगल्या हेतूनेच. ‘डॉक्टरांनी बाबांचा रिपोर्ट बघून बदलायला सांगितलंय’ एवढं पुरे.

तुमच्यासाठी खरी कामाची ओळ तुम्हीच लिहिली आहे, ‘संकष्टीच्या दिवशी हमखास’. दिवसभर उपाशी, घाम, लोकलचा उभ्याने प्रवास, चंद्रोदय रात्री नऊ-साडेनऊला. उपाशी राहणं हे अर्धशिशी चाळवणाऱ्या ओळखीच्या कारणांपैकी एक आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत रक्तातली साखर कमी असताना ही लाट ओसरायला जास्त वेळ लागतो, पंपाला इंधन लागतं हे वर लिहिलंच आहे. तुमच्या चतुर्थीचं कारण नेमकं तेच, असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण करून बघायला काय हरकत? पुढच्या तीन संकष्टींना सकाळी दूध-राजगिरा, दुपारी वेळेवर भगर किंवा रताळं, दिवसभर पाणी. उपास मोडायला सांगत नाहीये, पोट रिकामं ठेवू नका एवढंच. चहा रोजच्याएवढाच, एकदम बंद नाही. झोपेची वेळ शक्यतो सुट्टीच्या दिवशीही तीच.

एक छोटी वही करा, हिशेबनीसाला हे सांगायला नको. तारीख, ठिपका दिसल्याची वेळ, नजर स्वच्छ झाल्याची वेळ, ठणका कधी सुरू झाला, आधीच्या दिवशीची झोप, जेवण, पाळीचा दिवस, घेतलेली गोळी. गोळ्यांचा रकाना विशेष सांभाळा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ किंवा त्याहून जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीच्या खास गोळ्या) १० किंवा त्याहून जास्त दिवस असं काही महिने चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. तुमचं अजून तिथे गेलेलं दिसत नाही. झटके महिन्यात चारच्या वर जायला लागले तर रोज घ्यायची प्रतिबंधक औषधं आहेत. तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचा, आणि वही समोर ठेवलीत तर पुढचा पेशंट दारात असला तरी पाच मिनिटांत होईल.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मी विचारते. पाळीसाठी किंवा गर्भनिरोधनासाठी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालू आहेत का? ऑरावाल्या अर्धशिशीत त्या सहसा देत नाहीत, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना ‘ऑरा’ हा शब्द मुद्दाम सांगा. नुसतं ‘डोकं दुखतं’ म्हटलं तर त्यांना कळणार नाही.

आणि कधी थेट दवाखान्यात जायचं तेही लिहून ठेवा. रेघ हळूहळू न सरकता डोळ्यांपुढे एकदम अंधार आला, ऑरा तासाच्या पुढे गेला, हातापायातली शक्ती गेली, बोलताना शब्द अडखळले, किंवा आयुष्यात कधी दुखलं नव्हतं असं डोकं एका क्षणात फुटायला लागलं, तर ही नेहमीची लाट समजून पडून राहू नका. लोकलमध्ये ऑरा आला तर दारात उभं राहू नका, बसायला जागा मागा. लाज कसली? मी वर्गात खुर्ची मागितली होती.

मुलाला सांगा, गाइडमधली दीड ओळ परीक्षेपुरती पाठ कर, पण मडपपीची गोष्ट लक्षात ठेव.

सासऱ्यांचा पोटॅशियमचा आकडा आला की मला कळवा.

– तुमची, डॉक्टरबाई